ऑपरेशन कुत्र्याचं, कामं पाचजणांची

कुत्र्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात एकच धास्ती असते, भुलेची. 'टेबलावरच काही झालं तर?' हा प्रश्न पशुवैद्यांना रोज ऐकावा लागतो. त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधल्या ११७ दवाखान्यांनी भूल किंवा गुंगी दिलेल्या पाळीव प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यात ९८,०३६ कुत्रे होते. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या नोंदींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भूल किंवा गुंगीशी संबंधित कारणाने दगावलेल्या कुत्र्यांचं प्रमाण ०.१७ टक्के, म्हणजे साधारण सहाशेत एक होतं. निरोगी कुत्र्यांत ते १,८४९ मध्ये एक इतकं कमी होतं, तर आधीच आजारी असलेल्या कुत्र्यांत ७५ मध्ये एक.

याच नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑपरेशन पार पडल्यावर गेले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. डॉक्टर हातमोजे उतरवतात, घरचे 'सुटलो एकदाचे' म्हणत चहाला जातात, तेव्हाच कुत्र्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं असतं.

हा अभ्यास जुना आहे आणि परदेशातला आहे, पण त्यातून दोन कामं स्पष्ट होतात. पहिलं, आजारी कुत्र्याला ऑपरेशनआधी होता होईल तितकं निरोगी कुत्र्यांच्या गटाकडे सरकवायचं. दुसरं, टेबलावरचा तास सोडून बाकीच्या तासांची व्यवस्था लावायची. पहिल्या कामात डॉक्टरांना घरच्यांकडून माहिती लागते, दुसऱ्यात माणसं लागतात. नोकरी करणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला हे सारं झेपत नाही, म्हणून तयारीची सुरुवात मदत मागण्यापासून करायची.

साक्षीदार गोळा करा

माणसाला भूल देण्याआधी डॉक्टर त्यालाच विचारतात: दम लागतो का, कशाची ॲलर्जी आहे का, शेवटचं कधी खाल्लं? कुत्र्याच्या बाबतीत ही साक्ष घरच्यांनी द्यायची असते, आणि ती एकाच माणसाकडे पूर्ण नसते. जिना चढताना कुत्रा मध्येच थांबतो, हे सकाळी फिरवणाऱ्या मुलाला ठाऊक असतं. हल्ली तो पाण्याचं भांडं दुपारीच रिकामं करतो, हे आजीच्या लक्षात आलेलं असतं. रात्री तो कोरडा खोकतो, हे त्याच्या खोलीत झोपणाऱ्याला माहीत असतं. आणि गॅलरीत काल पिवळी उलटी पडली होती, हे फक्त लादी पुसणाऱ्या मावशींनी पाहिलेलं असतं. खोकला आणि दम हृदयाकडे बोट दाखवतात. जास्तीची तहान मूत्रपिंड, मधुमेह किंवा गर्भाशयाच्या आजाराची खूण असू शकते. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारून एक कागद तयार करावा. त्यावर लसींच्या तारखा, आधीच्या भुलेचा अनुभव आणि चालू असलेली सगळी औषधं लिहावीत. 'हे काही औषध नाही' असं वाटणारी घरगुती चूर्णं आणि गोळ्याही लिहाव्यात. स्टेरॉइड आणि सूज उतरवणारं वेदनाशामक एकत्र पोटात गेलं, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाची, फिट्सची किंवा स्टेरॉइडची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. त्या दिवशी कोणती द्यायची, कोणती टाळायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

वजनही दवाखान्याच्या काट्यावरच करावं. भुलेच्या औषधांचं माप किलोवर ठरतं, आणि सुटलेल्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मालकाचा अंदाज नेहमी प्रेमळ असतो.

यानंतर रक्ततपासणी. आपल्या हवामानात तिच्यात गोचीडतापाचा शोध फार महत्त्वाचा असतो. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड अर्लिकिया आणि बबेसिया या दोन्ही रोगजंतूंचा प्रसार करते. अर्लिकियाचा जुनाट संसर्ग असलेला कुत्रा वरून धडधाकट दिसू शकतो. तो खातो, खेळतो, शेपूट हलवतो. पण त्याच्या रक्तातल्या, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात. निरोगी कुत्र्यात त्या मायक्रोलिटरमागे साधारण दोन ते पाच लाख असतात. त्या फार उतरल्या असतील आणि ऑपरेशन टाळण्यासारखं असेल, तर शहाणा शल्यचिकित्सक आधी डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा कोर्स देतो आणि पुन्हा रक्त तपासून तारीख ठरवतो. 'एवढ्या साध्या नसबंदीला एवढे दिवस?' अशी कुरकूर तेव्हा करू नये. ७५ मध्ये एक या गटातून बाहेर पडण्याची ही धडपड असते.

जातीनुसारही काळजी बदलते. पग, बुलडॉग, शित्झू यांच्या चपट्या नाकामागची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. भुलेसाठी घशात घातलेली नळी काढल्यावर ही वाट मिटू शकते, म्हणून हे कुत्रे पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नजरेआड होऊ देत नाहीत. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात सांभाळले जाणारे कारवान आणि पश्मी हे शिकारी कुत्रे ग्रेहाउंडसारख्या सडपातळ बांध्याचे. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी कमी असते आणि त्याचं यकृत थायोपेंटोन हे भुलेचं जुनं औषध सावकाश निकामी करतं, त्यामुळे शुद्धीवर यायला वेळ लागतो. अशा बांध्याच्या कुत्र्यांत म्हणूनच दुसरी औषधं पसंत केली जातात. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यामुळे गोचिडांसाठी सर्रास टोचलं जाणारं आयव्हरमेक्टिन आणि गुंगीची काही औषधं त्यांना जास्त बाधतात. मिश्र जातीच्या कुत्र्याचे आईबाप ठाऊक असतील, तर तेही सांगावं.

तारीख पंचांग पाहून नव्हे, पण कॅलेंडर पाहून

नसबंदी, दातांची सफाई, न वाढणारी गाठ काढणं, अशी ऑपरेशनं आपल्या सोयीने ठरवता येतात. मादी माजावर असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे नसबंदी सहसा माज सरल्यावर दोन-तीन महिन्यांनी करतात. महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके ऐकून बिथरणारा कुत्रा ताज्या टाक्यांनिशी पलंगाखाली घुसतो, उड्या मारतो. तेव्हा टाके या दिवसांच्या आधी निघालेले तरी असावेत, किंवा ऑपरेशनच सणानंतर ठेवावं. पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणं अवघड जातं आणि माश्या वाढतात. उघड्या जखमेवर माश्यांनी अंडी घातली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. पण टाळता न येणाऱ्या ऑपरेशनला ऋतू नसतो. तेव्हा जाळीची खिडकी आणि कोरडी खोली शोधायची.

टाके निघेपर्यंत अंघोळ घालता येत नाही, म्हणून दोन दिवस आधी अंघोळ उरकावी, गोचीड काढाव्यात आणि नखं कापून घ्यावीत. याच दिवसांत तोंडाची जाळी आणि टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात घालायचा कोन यांची सवय लावावी. सवय नसलेल्या कुत्र्याला शुद्धीवर येताना पहिल्यांदाच कोन घातला, तर तो भिंतींवर आपटत सुटतो. रोज थोडा वेळ, दह्याचं बोट दाखवत कोनात डोकं घालायला लावलं, तर तो त्याला दह्याशी जोडतो. जाळी पिंजऱ्यासारखी सुटी हवी, म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात. घरातला सगळ्यात गरीब कुत्राही वेदनेत उचलणाऱ्याला चावू शकतो. ती त्याची चूक नसते, आणि मदतीला आलेल्या शेजाऱ्याचा हात वाचवणं आपलं काम असतं.

वेळच नसतो तेव्हा

काही ऑपरेशनं तयारीला फुरसत देत नाहीत. आपल्याकडे वयस्क, नसबंदी न झालेल्या मादीचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पायोमेट्रा, गर्भाशयात पू साठणं. माजानंतरचे काही आठवडे प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचा आतला थर जाड होतो आणि त्यात बहुधा ई. कोलाय जातीचे जिवाणू वाढतात. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो आणि निदान कळतं. ते मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. आत मात्र विष भिनत राहतं. सुरुवातीला खूप तहान, वारंवार लघवी, मग खाणं सुटणं, उलट्या, मरगळ. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी सर्रास होत नसे आणि बहुतेकांचा विमा असतो. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं, की सुमारे एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार गाठतो.

अशा मादीला थेट टेबलावर घेत नाहीत. आधी काही तास सलाईन, प्रतिजैविकं, मूत्रपिंडाची तपासणी. शरीर सावरलं की ऑपरेशन, पण फार थांबायचंही नाही. एवढ्या थोड्या वेळात रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे असतात, पैशांची सोय करायची असते आणि कधी कधी रक्तदाता शोधायचा असतो.

रक्तदाता चार पायांचा

कुत्र्याला रक्त कुत्र्याचंच लागतं. रक्तसंक्रमणाच्या इतिहासात कुत्रे माणसाच्या आधी आले. इंग्रज वैद्य रिचर्ड लोअर याने एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याच्या शिरेत चढवलं, आणि १६६६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची पद्धत छापून आली. आज चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात कुत्र्यांच्या रक्तपेढ्या आहेत. पण अनेक शहरांत अजून डॉक्टरांची यादी आणि कुत्रेवाल्यांचे फोन यांवरच भिस्त असते.

कुत्र्यांचे रक्तगट अनेक आहेत. त्यात डीईए-१ हा सगळ्यात महत्त्वाचा. या गटाविरुद्ध तयार प्रतिपिंडं कुत्र्याच्या रक्तात जन्मतः नसतात, म्हणून पहिल्यांदा रक्त देताना मोठी उलट प्रतिक्रिया सहसा येत नाही. न जुळणारं रक्त एकदा चढलं, की प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या खेपेला तेच जीवावर बेतू शकतं. म्हणून दोन्ही रक्तं जुळवून पाहणं केव्हाही चांगलं. दाता साधारण एक ते आठ वर्षांचा, किमान २५ किलोचा, लसी पूर्ण झालेला, गोचीडतापाच्या तपासणीत निर्दोष आणि स्वतः कधी रक्त न घेतलेला असावा. एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त मानेच्या शिरेतून काढतात. २५ किलोच्या कुत्र्याच्या अंगात दोन लिटरांहून थोडं जास्त रक्त असतं, तेव्हा हा वाटा लहान नाही. म्हणून वजनाची अट सैल करता येत नाही. शिवाय दात्याला मान वर करून काही मिनिटं शांत पडून राहावं लागतं. अंगावर हात ठेवू न देणारा भलामोठा रॉटवायलर इथे उपयोगाचा नाही. लाडावलेला, गोंडस, ढिम्म लॅब्रॅडॉर उपयोगाचा.

रक्त लागेल असं ऑपरेशन ठरलं असेल, उदाहरणार्थ प्लीहेवरची गाठ काढणं, तर दाता आदल्या आठवड्यातच ठरवून त्याची तपासणी करून ठेवावी. एक पुरत नाही. ऐन वेळी तो आजारी असतो किंवा मालक गावाला गेलेला असतो, म्हणून दोन ठेवावेत.

बिस्किटाचा प्रश्न

भुलेत जठराच्या वरचं दार सैल पडतं. पोटात अन्न असेल तर ते वर येतं, आणि गिळण्याची प्रतिक्रिया बंद असल्यामुळे श्वासनलिकेत जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया ऑपरेशनपेक्षा महाग पडतो. म्हणून उपास. पूर्वी रात्रीपासून बारा-बारा तास उपाशी ठेवत. पण फार लांबलेल्या उपासाने आम्ल वाढतं आणि तेच अन्ननलिका भाजतं, असं दिसून आल्यावर अलीकडच्या मार्गदर्शक सूचना निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी चार ते सहा तास पुरे मानतात आणि पाणी शेवटपर्यंत ठेवू देतात. अगदी लहान पिल्लांची साखर लवकर उतरते, त्यांना एक-दोन तासांहून जास्त उपाशी ठेवत नाहीत. मधुमेही कुत्र्याचं इन्सुलिन आणि जेवण यांचा हिशेब वेगळाच असतो. आपल्या कुत्र्याचे तास डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत.

तास ठरवणं सोपं, ते पाळणं कठीण. कुत्र्याला कोण कोण खायला घालतं, याचा हिशेब कोणत्याच घराला पूर्ण ठाऊक नसतो. आजोबा सकाळच्या चहात बुडवलेलं बिस्कीट देतात, कामाच्या मावशी पोळीचा तुकडा टाकतात, खालचा वॉचमन डब्यातलं काहीतरी ठेवतो, आणि समोरच्या फ्लॅटमधली मुलगी शाळेला जाताना दाराच्या फटीतून चिप्स सरकवते. या सगळ्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं. दारावर आणि कुत्र्याच्या पट्ट्यावर 'उपास आहे, काही देऊ नका' अशी चिठ्ठी लावली तर कुणी हसेल, पण देणार नाही. त्या दिवशी कचऱ्याचा डबा उचलून ठेवावा आणि बाहेर नेताना पट्टा आखूड धरावा. चुकून काही खाल्लंच, तर ते लपवू नये. तारीख पुढे गेली तर जाऊ दे. डॉक्टरांना खरं सांगणारा आजोबा हा त्या दिवशीचा सर्वात मोलाचा मदतनीस.

पाच कामं, पाच माणसं

बातमी कळली की लोक येतात आणि म्हणतात, 'काही लागलं तर सांगा हो.' हे मनापासून असतं, पण यातून काम होत नाही, कारण ऐन वेळी कुणाला सांगायचं हे सुचत नाही आणि सांगायचा संकोच वाटतो. त्याऐवजी कामं आधी लिहून प्रत्येकाला एकच काम द्यावं, वेळेसकट.

पहिलं काम निर्णयाचं. संमतीपत्रावर सही करणारा, ऑपरेशन चालू असताना फोन उचलणारा आणि 'पोट उघडल्यावर गाठ पसरलेली दिसली तर काय करायचं' यासारख्या प्रश्नाला उत्तर देणारा एकच माणूस हवा. घरात तिघांची तीन मतं असतील तर ती आदल्या रात्री आपसांत मिटवावीत. पोट उघडं असताना डॉक्टरांनी वाट पाहायची नसते. हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न करायचे का, हा कठीण प्रश्नही सही करण्याआधीच स्वतःला विचारून ठेवावा.

दुसरं काम ने-आणीचं. आजारी कुत्र्याला रिक्षावाले सहसा घेत नाहीत, आणि गाडी चालवणाऱ्याला मागे वळून कुत्रा धरता येत नाही. चालवणारा एक, मागे बसणारा दुसरा. परळचं १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, किंवा नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या महाविद्यालयांचे दवाखाने, अशा ठिकाणी रांग आणि केसपेपर असतो. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून लांब झाडाखाली धरायचं. इमारतीला लिफ्ट नसेल तर जिन्यासाठी दोन दणकट माणसं सांगून ठेवावीत. जाड सतरंजीवर आडवं ठेवून चार टोकं धरून कुत्रा उचलता येतो. हातांनी उचलायचं झालं तर एकाने छातीखाली, दुसऱ्याने मांड्यांमागे हात घालावेत. पोटाचे टाके असतील तर पोटाखाली हात घालू नये.

तिसरं काम पैसे आणि कागदांचं. ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधं, रात्रीचा मुक्काम असा लेखी अंदाज घ्यावा आणि गुंतागुंत झाली तर वरचा आकडा किती, हेही विचारावं. मित्रांकडून पैसे गोळा करायचे असतील तर हिशेब एकाच्याच हातात असावा. शक्यतो रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात जावी आणि पावत्या सगळ्यांना दाखवाव्यात. पुढच्या गरजूला मदत मिळेल की नाही, हे बऱ्याचदा या पावत्यांवरच ठरतं.

चौथं काम घर सांभाळण्याचं. दुसरा कुत्रा असेल तर तो आठवडाभर दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी राहावा. भावंडं प्रेमाने एकमेकांचे टाके चाटतात, आणि त्याने टाके उसवतात. गुळगुळीत लादीवर चटया पसराव्यात, सोफ्यावर चढायची वाट बंद करावी. शेजाऱ्यांना सांगून ठेवावं की रात्री रडण्याचा आवाज येईल. सांगितलेलं असलं की सोसायटीच्या तक्रारवहीत नाव लिहिलं जात नाही.

पाचवं काम रात्रपाळीचं, आणि ते सर्वात जोखमीचं.

ऑपरेशननंतरचे तास

अनेक छोट्या दवाखान्यांत रात्री कुत्रा ठेवायची सोय नसते. तेव्हा आधीच विचारावं: शुद्धीवर येईपर्यंत कोण पाहणार, आणि घरी केव्हा सोडणार? डोकं उचलून, छातीवर नीट बसून, हाकेला प्रतिसाद देईपर्यंत कुत्र्याला दवाखान्यातून हलवण्याची घाई करू नये. घरातला एकजण त्या वेळी तिथे बसला, तर डॉक्टरांच्या माणसांवर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही. उलट दुसऱ्या रुग्णाकडे वळलेल्या सहायकाला एक जास्तीची नजर मिळते.

या नजरेने चार गोष्टी पाहायच्या. श्वास: छाती संथ, नियमित वरखाली होते ना? निवांत कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. हिरड्या: गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरेपणा दोन सेकंदांत जायला हवा. पांढऱ्या फटक हिरड्या आत रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते. तापमान: भुलेत अंग गार पडतं. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. चादर पांघरावी, पंखा बंद ठेवावा. गरम पाण्याची पिशवी मात्र थेट अंगाला लावू नये. गुंगीतला कुत्रा चटका लागला तरी सरकत नाही. आणि चौथं, वागणं. शुद्धीवर येताना कुत्रा रडतो, हातपाय मारतो. ते बऱ्याचदा वेदनेपेक्षा औषधाच्या गोंधळामुळे असतं. त्याच्याशी हळू आवाजात बोलावं, तोंडाजवळ तोंड नेऊ नये.

त्या रात्री अंथरूण जमिनीवरच असावं. रात्र दोघांत वाटून घ्यावी, मध्यरात्री पाळी बदलावी, आणि बदलताना हिरड्यांचा रंग, लघवी, उलटी, औषधाची वेळ वहीत लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावी. पूर्ण जागा झाल्यावर थोडं पाणी, मग नेहमीच्या निम्मं हलकं खाणं, उदाहरणार्थ तेल-मीठ न घालता उकडलेलं चिकन आणि मऊ भात. कांदा-लसूण अजिबात नको. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वेदना दिसली तर घरातली माणसांची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्ताला बाधतं. वेदनाशामक डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, त्यांनी सांगितलेल्या वेळी. गोळी कोणी दिली हे वहीत नसेल, तर ती दोनदा जाते.

श्वासाला त्रास, पांढऱ्या हिरड्या, न थांबता थेंबथेंब गळणारं रक्त, झपाट्याने फुगणारं पोट, वारंवार उलट्या, हाक मारूनही न हलणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. दिवसभर लघवी न होणं किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड न लावणं, हेही फोन करण्याजोगं. रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना, हे दोन्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवावं.

पुढचे दहा ते चौदा दिवस कंटाळवाणे आणि म्हणून धोक्याचे. चौथ्या दिवशी कुत्र्याला बरं वाटतं आणि घरचे म्हणतात, 'काढा ना तो कोन, किती केविलवाणा दिसतो!' पाच मिनिटांच्या चाटण्याने आतले-बाहेरचे टाके सुटू शकतात. या दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी खरी मदत करायची असेल तर भेटायला येऊ नये, निदान कुत्र्याला नाचवू नये. पट्ट्यावर थोडं फिरणं, दिवसातून दोनदा जखम पाहणं आणि रोज एक फोटो काढणं पुरे. सूज कालच्यापेक्षा वाढली का, याचं उत्तर आठवणीपेक्षा फोटो चोख देतो.

ज्यांच्या कुत्र्याचं सध्या कुठलंच ऑपरेशन नाही, त्यांनाही या यादीत जागा आहे. आपला कुत्रा तरणा, धडधाकट आणि शांत असेल तर पुढच्या वार्षिक लसीच्या वेळी त्याचा रक्तगट तपासून घ्यावा आणि डॉक्टरांना सांगावं, 'दाता हवा असेल तेव्हा आम्हाला फोन करा.' गाडी असलेल्याने रात्रीच्या फेरीसाठी नाव द्यावं. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या कॉलेजच्या मुलाने पहाटे दोनपर्यंतची पाळी घ्यावी. शेजाऱ्याच्या घरी पायोमेट्राचं निदान होईल त्या संध्याकाळी 'काही लागलं तर सांगा' याऐवजी 'गाडी माझी, किती वाजता निघायचं?' असं विचारावं. डॉक्टरांचं काम त्यांच्यावर सोडून उरलेली पाच कामं वाटून घेणारी माणसं दोन इमारतींत मिळून सापडली, तरी पुष्कळ झालं.